सोसायटी आणि छोट्या धंद्याचं नेट झिरो: लाइट बिलापासून सुरुवात कशी करायची

नेट झिरो, म्हणजे हवेत सोडलेला आणि हवेतून काढून घेतलेला कार्बन सारखा होऊन गोळाबेरीज शून्य. असं म्हटलं की लोकांना एकतर पवनचक्क्या आठवतात, नाहीतर ५ जूनला फोटो काढून लावलेलं आणि जुलैत मेलेलं झाड. मुंबईत मात्र विषय घराच्या मीटर बॉक्सइतका जवळ आहे. महापालिकेने मार्च २०२२ मध्ये मुंबईचा क्लायमेट अॅक्शन प्लॅन काढला, त्यात शहर २०५० पर्यंत नेट झिरो करायचं ठरलंय, म्हणजे देशाने २०७० धरलंय त्याच्या २० वर्षं आधी. त्यातच २०१९ चा हिशोब आहे, शहराचं उत्सर्जन साधारण २ कोटी ३४ लाख टन, पैकी ७२ टक्के घरं-ऑफिसं-दुकानं-कारखान्यांत वापरलेल्या ऊर्जेचं, २० टक्के वाहतुकीचं, ८ टक्के कचऱ्याचं. आणि मुंबईची बरीचशी वीज कोळशाची. म्हणजे तुमच्या बिल्डिंगचा कार्बन धुरात शोधायला जाऊ नका, तो बिलावर छापून येतो.

तुम्ही सोसायटीच्या कमिटीवर असाल, व्यापारी असोसिएशनचं काम बघत असाल, किंवा एखाद्या संस्थेकडून वॉर्डातल्या लोकांना मदत करत असाल, तर हे सगळं कुठल्या क्रमाने करायचं ते सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक ठिकाणी गाडी सोलर पॅनलच्या कोटेशनपासून सुरू होते आणि तिथेच पैशावरून भांडून थांबते.

आधी बिलं गोळा करा, १२ महिन्यांची

शहरात बेस्टची, उपनगरात अदानी किंवा टाटाची, मुलुंड-भांडुपकडे महावितरणची. सोसायटीचे कॉमन मीटर बरेचदा दोन-तीन असतात, लिफ्टचा वेगळा, पंपाचा वेगळा, जिना आणि पार्किंगच्या लाइटींचा वेगळा, आणि खजिनदाराला फक्त एकूण रक्कम माहीत असते. रक्कम सोडा, युनिट बघा. रक्कम दर बदलला की बदलते, युनिट खोटं बोलत नाही.

आता गुणाकार. ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरा. एक लिटर पेट्रोल २.३ किलो, एक लिटर डिझेल २.७ किलो, हॉटेलातला १९ किलोचा कमर्शियल सिलेंडर संपला की ५७ किलोच्या आसपास, पाइप गॅसचं एक युनिट साधारण २ किलो. एवढ्या आकड्यांवर सोसायटीचं आणि छोट्या धंद्याचं बरंचसं काम भागतं, कुठलाही महागडा कन्सल्टंट लागत नाही, एक एक्सेल शीट पुरते.

समजा ६० फ्लॅटची सोसायटी आहे, कॉमन मीटर महिन्याला ३,००० युनिट खातो. म्हणजे महिन्याला २,१०० किलो, वर्षाला २५ टन. आता फ्लॅटमागे सरासरी २०० युनिट धरले तर ६० फ्लॅटचे १२,००० युनिट, म्हणजे महिन्याला ८,४०० किलो. कॉमनच्या चौपट! कमिटी जिन्यातल्या बल्बवरून तासभर मीटिंग घालते आणि खरा आकडा प्रत्येकाच्या दाराआड असतो. त्यामुळे हिशोब कॉमनचा आणि घरांचा वेगवेगळा मांडा, घरांचा आकडा नावं न लिहिता मजल्यानुसार किंवा विंगनुसार सांगितला तरी चालतो, लोक बिल दाखवायला लाजतात.

मे आणि जानेवारीची बिलं शेजारी ठेवा. मधला फरक म्हणजे बहुतेक एसी.

धंदेवाल्यांनी अजून एक रकाना बघायचा, कॉन्ट्रॅक्ट डिमांड (कंपनीकडून मंजूर करून घेतलेला लोड) आणि मॅक्सिमम डिमांड (प्रत्यक्षात लागलेला जास्तीत जास्त लोड). बऱ्याच गाळ्यांत जुन्या मशिनच्या काळात घेतलेला लोड तसाच चालू असतो, मशिनी विकून वर्षं झाली तरी फिक्स्ड चार्ज भरणं चालूच. तो कमी करून घेतल्याने कार्बन एक ग्रॅमही घटत नाही हे खरं, पण त्यातून सुटणारा पैसा पुढच्या कामाला लागतो आणि मालकाचा विश्वास बसतो की ही माणसं नुसतं पर्यावरण पर्यावरण करत नाहीयेत.

गळती: पंपापासून सुरू करा

सगळे एलईडीपासून सुरू करतात कारण ते सोपं आहे, मी म्हणतो आधी पंप बघा. मुंबईत प्रत्येक बिल्डिंगला खालच्या टाकीतून वरच्या टाकीत पाणी चढवावं लागतं, रोज, कायम. आणि पंप चांगला चाललाय की नाही हे कोणी तपासत नाही, तो जळेपर्यंत तो चांगलाच असतो.

टेस्ट साधी आहे. वरच्या टाकीची कपॅसिटी माहीत असते. वरची टाकी रिकामी होत आली की पंपाच्या मीटरचं रीडिंग घ्या, पंप लावा, टाकी भरली की परत रीडिंग घ्या. पंपाला वेगळा मीटर नसेल तर वायरमनला सांगून एक छोटा सब-मीटर बसवून घ्या. सात मजली बिल्डिंगला, पाइपातलं घर्षण धरून साधारण ३० मीटर हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, पकडलं, तर १०,००० लिटर चढवायला बऱ्यापैकी पंपाला २ युनिटच्या आसपास लागायला हवेत. तुमच्याकडे ४-५ जात असतील तर काहीतरी बिघडलंय: इम्पेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चक्र) झिजलाय, फूटव्हॉल्व (पाइपाच्या तळाची झडप) अडकतोय, किंवा मोटर इतक्या वेळा रिवाइंड केलीय की तिच्यात दम राहिलेला नाही. रिवाइंडिंग स्वस्त पडतं म्हणून आपण करत राहतो, पण प्रत्येक वेळी मोटरची कार्यक्षमता थोडी थोडी उतरत जाते आणि तो खर्च बिलात गुपचूप येत राहतो. नवीन घ्यायची वेळ आली तर स्टार लेबल असलेला आणि तुमच्या हेडला बसणारा पंप घ्या, दुकानदाराने "५ एचपी घ्या, टेन्शन नाही" म्हटलं म्हणून मोठा घेऊ नका.

आणि ओव्हरफ्लो! वरच्या टाकीतून पाणी खाली पडतंय, वॉचमन चहाला गेलाय, पंप चालू. त्याला ऑटोमॅटिक लेव्हल कंट्रोलर लावा, खर्च किरकोळ आहे. फ्लशच्या टाक्या गळत असतील तर तेही पाणी विजेने वर चढवलेलं आहे, एका रविवारी प्लंबर बोलवून सगळ्या घरातल्या फ्लशचे वॉशर बघून घ्यायचे.

मग पंखे. जुना पंखा ७५ वॅटचा, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा, ३० च्या आसपास. दिवसाला १२ तास चालला तर पंख्यामागे महिन्याला १५-१६ युनिट वाचतात, आणि मुंबईत पंखा १२ तास म्हणजे कमीच सांगितला. २०२३ पासून सीलिंग फॅनला स्टार लेबल सक्तीचं आहे त्यामुळे लेबल बघून घेता येतं. सोसायटीने एकत्र ऑर्डर दिली तर डीलर भाव उतरवतो, शंभर पंखे म्हटल्यावर बोलणंच बदलतं. चाळीत किंवा वस्तीत काम करणाऱ्या संस्थांना माझं हेच सांगणं असतं, सोलरच्या मागे लागू नका, तिथे गच्चीच कोणाच्या नावावर नसते, पंखे हप्त्यावर मिळवून द्या. पत्र्याच्या खोलीत पंखा चोवीस तास चालतो, फायदा तिथे सगळ्यात जास्त आहे.

एसी २४ वर ठेवा हे सगळ्यांना पाठ आहे, एक डिग्री वर नेलं की साधारण ६ टक्के वीज वाचते वगैरे. जे कोणी सांगत नाही ते गॅसचं. एसीतला गॅस वापरून संपत नाही, कमी झालाय म्हणजे कुठेतरी लीक आहे. मेकॅनिक दर उन्हाळ्यात येतो, "गॅस कमी झालाय साहेब" म्हणतो, भरतो आणि जातो, लीक तसाच. आर-४१० गॅसचा एक किलो हवेत गेला तर तो दोन टन कार्बन डायऑक्साइडएवढं तापवतो, आर-३२ चा ६७५ किलोएवढं. म्हणजे एक ढिला नट आणि वर्षभराची बिलातली बचत पाण्यात! लीक शोधून ब्रेझिंग करून, म्हणजे पाइपाचा जोड धातू वितळवून पक्का करून, मगच गॅस भर असं स्पष्ट सांगा, आणि जुना एसी काढताना गॅस हवेत सोडू देऊ नका, सिलेंडरमध्ये काढून घ्यायला सांगा, जास्तीचे पैसे मागेल ते द्या.

मग सोलर, आणि त्याच्या आधीचे चार प्रश्न

गच्ची पाच-सहा वर्षांत परत वॉटरप्रूफिंगला जाणार आहे का? तर आधी ते उरका, पॅनल लावल्यावर खालचं काम म्हणजे स्ट्रक्चर उचलायचा दुप्पट खर्च. बिल्डिंग ३० वर्षांपुढची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट तसंही कायद्याने करायचंच आहे, त्यातच पॅनलचं वजन आणि वारा तपासून घ्या. रिडेव्हलपमेंटची बोलणी सुरू आहेत का? असतील तर सोलर विसरा, सरळ बिल्डरच्या करारात टाका. आणि चौथा प्रश्न, जो मुंबईतच पडतो: शेजारचा प्लॉट कोणाचा आहे? आज गच्चीवर ऊन आहे, उद्या पश्चिमेला ३० मजली टॉवर उभा राहिला की दुपारनंतर सगळी सावली. शेजारच्यांचं रिडेव्हलपमेंट कुठवर आलंय हे चौकशी करून घ्या, सेक्रेटरी लोकांना एकमेकांचं सगळं माहीत असतं.

हे निभावलं तर हिशोब सोपा. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा, आणि वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला ४ युनिट. २० किलोवॅट म्हणजे २,००० चौरस फूट, महिन्याला सरासरी २,४०० युनिट. वरच्या उदाहरणातल्या सोसायटीचे ३,००० होते, पंप आणि लाइटी नीट केल्यावर ते २,२०० वर आले असतील तर १८-२० किलोवॅटमध्ये कॉमनचं काम भागतं. म्हणूनच म्हटलं गळती आधी. पावसाळ्यात निर्मिती पडते, उन्हाळ्यात वाढते, नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे जास्तीची वीज ग्रिडला देऊन ती बिलात वळती होते त्यात, ते वर्षभरात जुळतं.

पीएम सूर्य घर योजनेत हाउसिंग सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये सबसिडी आहे, ५०० किलोवॅटपर्यंत आणि घरटी ३ किलोवॅट या हिशोबाने, त्यात ईव्ही चार्जिंगही धरलंय. २० किलोवॅटला ३ लाख ६० हजार. पण पॅनल भारतात बनवलेल्या सेलचे हवेत, डीसीआर म्हणतात ते, आणि कामं करणारा व्हेंडर योजनेच्या पोर्टलवर नोंदलेला हवा. कोटेशनमध्ये हे लिहून घ्या.

कोटेशनमध्ये अजून काय लिहून घ्यायचं: स्ट्रक्चर हॉट-डिप गॅल्वनाइज्ड, म्हणजे जस्ताचा जाड थर दिलेलं, आहे का (समुद्राची हवा साध्या लोखंडाला दोन पावसाळ्यांत खाते), वाऱ्याचा कुठला वेग धरून डिझाइन केलंय (मे २०२१ चं तौक्ते वादळ कोणी विसरलेलं नसेल), साफसफाई कोण करणार, आणि कबुतरं. हो, कबुतरं. पॅनलखाली सावली आणि आडोसा दोन्ही मिळतो, एकदा घरटी झाली की विष्ठेने पॅनलचे कोपरे झाकले जातात आणि तेवढ्याने सगळ्या लाइनची निर्मिती घटते. कडेने जाळी पहिल्या दिवसापासून लावून घ्या. गच्चीवर पत्र्याची शेड असेल तर त्याऐवजी उंच स्ट्रक्चरवर पॅनल घेतले की खाली लग्नकार्याची जागाही राहते, फक्त महाग पडतं.

गच्चीच नसेल किंवा पुरत नसेल तर ग्रीन टॅरिफ. वीज आयोगाच्या मंजुरीने थोडा प्रीमियम भरून वीज कंपनीकडून अक्षय ऊर्जेची वीज मागता येते, आधी आपल्या कंपनीकडे आताचा दर विचारा. दुकानं आणि ऑफिसांसाठी हा सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग आहे आणि सगळ्यात कमी लोकांना माहीत आहे.

मीटिंगमध्ये पास कसं करून घ्यायचं

टेक्निकल काम अर्धं, हे अर्धं. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होते, नोटीस १४ दिवस आधी जाते, विषय अजेंड्यावर नसेल तर आयत्या वेळी कोणीतरी उठून हरकत घेणारच. त्यामुळे ऑगस्टमध्येच तीन कोटेशनं, बिलांचा तक्ता आणि फंड कुठून येणार हे एका पानावर तयार पाहिजे. एका पानावर. दहा पानांचं प्रेझेंटेशन दाखवलं की जोशीकाका झोपतात आणि बाकीचे मोबाइल काढतात.

"आम्ही पहिल्या मजल्यावर, आम्ही लिफ्ट वापरत नाही" हे येणारच. त्याला पर्यावरणाचं उत्तर देऊ नका, मेंटेनन्सचं द्या: कॉमन बिल महिन्याला इतकं, फ्लॅटमागे इतके रुपये, काम झाल्यावर इतके. भाड्याने दिलेल्या फ्लॅटचे मालक खर्चाला नाही म्हणतात कारण घरातल्या विजेची बचत भाडेकरूला जाते, पण कॉमन मेंटेनन्स त्यांच्याच खिशातून जातो, तिथे ते ऐकतात. आणि सगळं एकदम मागू नका. पहिल्या वर्षी पंप आणि लाइटी, दुसऱ्या वर्षी त्या बचतीचा आकडा दाखवून सोलर.

कचरा

८ टक्केच आहे म्हणून सोडू नका. ओला कचरा कांजूरमार्ग-देवनारला ढिगाखाली हवेशिवाय सडला की मिथेन होतो आणि तो १०० वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २८ पटीच्या आसपास तापवतो. ज्या सोसायट्या २०,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या आहेत किंवा दिवसाला १०० किलोवर कचरा काढतात त्यांनी तो आवारातच जिरवावा असं महापालिकेने २०१७ पासून सांगितलंय.

कंपोस्टचे ड्रम का बंद पडतात? वास. वास का येतो? ओल जास्त. जुलैत हवाच इतकी दमट असते की साधा भाजीपाला टाकला तरी लगदा होतो, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये पडणारी सुकी पानं पोत्यांत भरून ठेवायची, जाळायची नाहीत, आणि पावसाळ्यात ओल्याच्या जवळपास बरोबरीने टाकायची. जो मुलगा हे काम करतो त्याला वेगळे पैसे द्या, तो नेहमीच्या पगारात हे का करेल? सुक्यासाठी स्त्री मुक्ती संघटनेसारख्या संस्था कचरावेचक बायकांबरोबर काम करतात, त्यांना जोडून घेतलं तर वर्गीकरण टिकतं. मोठं हॉटेल किंवा मार्केट असेल तर बीएआरसीचं (भाभा अणुसंशोधन केंद्राचं) निसर्गऋण तंत्रज्ञान बघा, ओल्या कचऱ्यातून गॅस मिळतो.

धंद्यांचं: बेकरी, किचन, आणि व्हेंडर फॉर्म

मुंबईत सगळ्यात गाजलेला विषय पावाच्या भट्टीचा. जानेवारी २०२५ मध्ये हायकोर्टाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना आणि तंदूरवाल्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. आदेश प्रदूषणावरून आहे, कारण भट्टीत बरेचदा मोडक्या फर्निचरचं रंग लावलेलं लाकूड आणि प्लायवूड जळतं. पण बदल करताना कार्बनही बघून घ्यायला काय हरकत आहे.

इथे एक गोष्ट लोकांना पटत नाही. सगळं इलेक्ट्रिक केलं की हिरवं झालं, हे मुंबईच्या आजच्या विजेवर भट्टीला लागू होत नाही. पाइप गॅसच्या एका युनिटमध्ये १० किलोवॅट-तासांएवढी (एक किलोवॅट-तास म्हणजे विजेचं एक युनिट) उष्णता असते, म्हणजे किलोवॅट-तासामागे ०.२ किलो कार्बन, बर्नरची अर्धी उष्णता वाया गेली तरी ०.४. ग्रिडची वीज ०.७ पासूनच सुरू होते. म्हणून आज पीएनजी, म्हणजे पाइप गॅसचा, ओव्हन कार्बनमध्येही इलेक्ट्रिकपेक्षा पुढे आहे, ग्रीन टॅरिफ घेतलात तर मात्र गणित उलटतं. तुमच्या गल्लीत महानगर गॅसची लाइन आली नसेल, तर एलपीजी किंवा ग्रीन टॅरिफसोबत इलेक्ट्रिक डेक ओव्हन, आणि त्यासाठी लोड वाढवून घ्यायचा अर्ज आधी, ओव्हनची ऑर्डर नंतर. ओव्हन येऊन गाळ्यात पडून राहतो आणि मीटर मिळत नाही असं व्हायला नको. असोसिएशनचं खरं काम इथे आहे: एकाच भागातल्या सगळ्या बेकऱ्यांनी मिळून लाइनची मागणी केली तर वजन पडतं, एकेकट्याने फेऱ्या मारून चप्पल झिजते.

गाडीच्या बाबतीत उलट आहे. पेट्रोलची स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर देत असेल तर किलोमीटरला ५० ग्रॅम, इलेक्ट्रिक स्कूटर कोळशाच्या विजेवरही २०-२५ ग्रॅम. डिलिव्हरीच्या गाड्या बिनधास्त इलेक्ट्रिक करा. लोकलने येणाऱ्या स्टाफचं काही करायची गरज नाही.

वर्कशॉपवाल्यांना आजकाल मोठ्या कंपन्यांकडून फॉर्म येतात, तुमचा स्कोप वन किती, स्कोप टू किती. घाबरू नका. सेबीने (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी संस्था) वरच्या १,००० लिस्टेड कंपन्यांना असा रिपोर्ट सक्तीचा केलाय म्हणून ते सप्लायरला विचारतात, आणि स्टील-अॅल्युमिनियमचा माल युरोपला जात असेल तर तिकडचा कार्बन कर जानेवारी २०२६ पासून लागू झालाय. स्कोप वन म्हणजे तुम्ही स्वतः जाळलेलं डिझेल-गॅस, स्कोप टू म्हणजे विकत घेतलेली वीज, वरचा गुणाकार तोच. अंदाजे आकडा ठोकून देऊ नका, पुढच्या वर्षी तोच आकडा कमी करून दाखवायला सांगतात. पैशासाठी दोन ठिकाणं बघा: झेड सर्टिफिकेशन (ZED, छोट्या उद्योगांसाठीचं सरकारी प्रमाणपत्र), ज्यात मायक्रो उद्योगाला फीमध्ये ८० टक्के सवलत आहे, आणि ऊर्जा बचतीच्या मशिनरीसाठी बीईईची (केंद्राची ऊर्जा बचत संस्था) अदिती योजना, मायक्रो-स्मॉलला कर्जाच्या व्याजात ५ टक्के सूट, पण ठरावीक सेक्टर आणि क्लस्टरलाच, आपण बसतो का ते आधी तपासा.

टिकवायचं कसं

दर महिन्याला कॉमन मीटरचे युनिट नोटीस बोर्डवर लावा, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशेजारी. मेची तुलना मेशी, जानेवारीशी नाही. आकडा अचानक वाढला की पंप किंवा टाकी बघायची. आणि सोलरच्या अॅपचं लॉगिन सोसायटीच्या ईमेलवर काढा, सेक्रेटरीच्या पर्सनल मोबाइलवर नको, कारण कमिटी बदलते, जुने सेक्रेटरी फ्लॅट विकून बदलापूरला जातात आणि मग इन्व्हर्टर बंद आहे हे नवीन कमिटीला थेट बिल आल्यावर कळतं.